कळलावी : रानांतील आणि अंगणांतील



बीडच्या एका मास्तरानें समुद्रकाठच्या बागेविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. आमच्या जिल्ह्यास समुद्र नाहीं. बिंदुसरेला पूर आला म्हणजे तोच आमचा समुद्र. परंतु माझी मुलगी अलिबाग तालुक्यांतील समुद्राकाठच्या एका गांवीं दिलेली आहे आणि २०१६ सालीं मी नोकरींतून मोकळा झाल्यापासून वर्षांतील एक-दोन महिने तिच्या घरीं काढतों. तिच्या घरामागें नारळी-पोफळीची लहानशी वाडी आहे. त्या वाडींत एक वेल लावण्याच्या प्रयत्नांत माझीं तीन वर्षें गेलीं. ही वेल कोकणांतली आहे तशीच आमच्या बालाघाटाच्या डोंगरांतलीही आहे. तिचें नांव कळलावी. आज मी तिच्याविषयीं चार गोष्टी सांगणार आहें. त्यांतील कांहीं बागेच्या आहेत, आणि एक माझ्या स्वतःच्या आयुष्यांतली आहे.

कळलावी आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेली असेल. नांव मात्र ठाऊक नसेल. पावसाळ्यांत बोरीबाभळींच्या जाळींतून किंवा निवडुंगाच्या कुंपणांतून एक नाजूक वेल वर येते. तिचीं पानें लांबट, टोकाकडे निमुळतीं होत गेलेलीं, आणि टोकाशीं पानाचाच तंतू होऊन तो स्प्रिंगसारखा वळलेला असतो. या पानाच्या बोटानेंच ती आधाराला धरते. श्रावण-भाद्रपदांत तिला फुलें येतात. कळी खालीं मान घालून असते. उमलतांना तिच्या सहाही पाकळ्या उलट्या फिरून वर उभ्या राहतात. त्यांच्या कडा नागमोडी असतात. पहिल्या दिवशीं त्या हिरवट-पिवळ्या दिसतात, मग बुंध्याशीं पिवळ्या व शेंड्याशीं तांबड्या होतात आणि शेवटीं सगळें फूल लालभडक होतें. एकाच वेलीवर या सर्व अवस्थांचीं फुलें एका वेळीं असतात, तेव्हां कुंपणाला विस्तव लागल्याचा भास होतो. संस्कृतांत तिला अग्निशिखा म्हणतात, तें उगीच नव्हे.

तिचें दुसरें संस्कृत नांव लांगली. लांगल म्हणजे नांगर. जमिनीखालचा तिचा कंद दोन बाजूंना फांटे फुटलेला, नांगरासारखा दिसतो, म्हणून हें नांव. हिंदींत ती कलिहारी. कोकणांत कांहीं ठिकाणीं या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात व गौरी-गणपतींत तेरड्याबरोबर तीं पूजेला घेतात. तमिळ लोकांच्या दोन हजार वर्षांपूर्वींच्या काव्यांतही या फुलाला स्त्रीच्या बोटांची उपमा दिलेली आढळते. कोठें कोकणांतली गौर आणि कोठें तमिळ कवी, परंतु दोघांनाही त्या पाकळ्यांत हातच दिसला! आज तामिळनाडूचें हें राज्यपुष्प आहे. आफ्रिकेंतही ही वेल रानोमाळ आढळते. झिंबाब्वे देशाचें तें राष्ट्रीय फूल आहे. तो देश दक्षिण ऱ्होडेशिया या नांवानें ओळखला जात होता, त्या काळांत, १९४७ सालीं, तेथील शाळकरी मुलांच्या वर्गणींतून या फुलाच्या आकाराची हिऱ्यांची पिन घडवून राजकन्या एलिझाबेथ यांना त्यांच्या एकविसाव्या वाढदिवसानिमित्त भेट दिली होती. लिनिअस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं तिला शास्त्रीय नांव दिलें तें ‘ग्लोरिओसा सुपर्बा’. दोन्ही शब्दांचा अर्थ वैभवाचा. आपल्या लोकांनीं मात्र तिला नांव दिलें तें ‘कळ लावणारी’.

या नांवापाशीं मला थोडें थांबलें पाहिजे.

१९६८ सालचा श्रावण होता. मी दहा वर्षांचा होतों. आमचें गांव पाटोद्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशीं. शेजारच्या घरीं त्यांची लेक पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली होती. तिला दोन दिवस वेणा येत होत्या आणि सुटका होत नव्हती. पावसानें ओढ्याला पाणी आलेलें. गाडी पलीकडे जाईना. गांवच्या म्हाताऱ्या सुईणीनें मला हांक मारली. गुरें वळायला जाणाऱ्या आम्हां पोरांना डोंगरावरचें झाडन् झाड माहीत असे. ती म्हणाली, “पोरा, कळलावीची गड्डी आण. पळत जा.” मी पळत गेलों. काठीनें माती उकरून नांगराच्या आकाराचा तो कंद काढला आणि धापा टाकीत आणून दिला. मला त्या दिवशीं मोठा अभिमान वाटला होता.

कंद उगाळून बेंबीवर व तळपायांना लेप द्यावयाचा, अशी जुनी समजूत होती. वेलीचें नांवही त्यावरूनच पडलें. लेप दिला. त्यानेंही कांहीं झालें नाहीं, तेव्हां घायकुतीला येऊन कोणीतरी तो उगाळा पाण्यांत कालवून तिला पाजला. रात्रभर तिला ओकाऱ्या होत होत्या. दुसऱ्या दिवशीं ती गेली. मूलही गेलें. तें त्या मुळीचें काम होतें कीं दोन दिवसांच्या वेणांचें, हें ठरविणारा तेथें कोणी जाणता नव्हता. मला कोणी एक शब्दही बोललें नाहीं. तिच्या आईनें तर मला जवळ घेतलें. परंतु ती गड्डी माझ्या हातानें आणलेली होती, ही गोष्ट मला पुढें कित्येक वर्षें विसरतां आली नाहीं. शाळेच्या सहली डोंगरावर नेतांना ही वेल दिसली कीं मी ती उपटून फेंकीत असें. मुलांना कारण मात्र सांगत नसें.

आतां वाचनानें जें समजलें, तें सांगतों. कळलावीच्या सर्वांगांत विष आहे. कंदांत व बियांत तें अधिक आहे. आयुर्वेदानें तिची गणना उपविषांत केलेली आहे, म्हणजे जुन्या वैद्यांना हें पुरतें माहीत होतें. तिच्यांतील मुख्य द्रव्याला कोल्चिसीन म्हणतात. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व आमच्याकडे युनानी हकिमांचा राबता होता. त्यांच्या औषधांत सांधेदुखीवर ‘सुरंजान’ नांवाचा एक काश्मिरी कंद असे. त्या सुरंजानांतही हेंच द्रव्य आहे. आजही डॉक्टर गाउट नांवाच्या सांध्यांच्या विकारावर कोल्चिसीनच्या गोळ्या देतात. परंतु त्या मोजून, फार थोड्या मात्रेनें. औषध व विष यांत येथें अंतर फार थोडें आहे. कंद उगाळणाऱ्या हाताला तें अंतर मोजतां येत नाहीं, आणि म्हणून त्या वाटेला जाऊं नये, इतकाच याचा अर्थ.

हें द्रव्य पेशींचें विभाजन अडवितें. विषबाधा होते ती त्यामुळेंच, आणि शेतकऱ्याला त्याचा एक उपयोग झाला तोही त्यामुळेंच. ब्लेकस्ली या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३७ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, कोल्चिसीनच्या योगानें वनस्पतीच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करतां येते. पुढें जपानांत किहारा यांनीं त्याच युक्तीनें बिनबियांचें कलिंगड तयार केलें. उन्हाळ्यांत बाजारांत बिनबियांचें कलिंगड दिसलें, तर त्याच्या मागें अशा एका विषाची करामत आहे, हें ध्यानीं ठेवा. तामिळनाडूंतील शेतकरी तर कळलावीची शेतीच करतात आणि तिच्या बिया औषधांच्या कारखान्यांसाठीं परदेशीं जातात.

इतकें सारें मनांत असतां मी ही वेल लावावयास कसा निघालों? त्याचें कारण माझी मुलगी. २०१७ सालीं गौरी-गणपतीला मी तिच्याकडे होतों. आमच्याकडे मराठवाड्यांत ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात. मुखवटे, भरजरी साड्या, सोळा भाज्या असा आमचा थाट. तिच्या सासरीं मात्र तेरड्याच्या रोपांची साधी गौर. त्या वर्षीं विहीणबाई हळहळून म्हणाल्या, “गुरुजी, पूर्वीं आमच्या कुंपणाला गौरीचे हात उदंड फुलत. दगडी गडगा काढून सिमेंटची भिंत घातली आणि तीं फुलें गेलीं. चार वर्षें झालीं, गौरीला तीं मिळालीं नाहींत.” मुलगी म्हणाली, “दादा, आपल्या डोंगरावर आहेत ना? आणाल?” मीं उत्तर दिलें नाहीं. रात्रीं तिला एकटीला मीं ती १९६८ ची हकीकत सांगितली. घरांत कोणाला सांगण्याची ती माझी पहिलीच वेळ. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “दादा, त्या बाईला वेलीनें नाहीं मारलें. ओढ्यावर पूल नव्हता.”

या उत्तरानंतर मला नाहीं म्हणतां येईना.

आतां लागवडीकडे वळतों. माझ्या दोन चुका आधीं सांगतों, कारण मास्तरकीच्या अनुभवावरून माझें मत असें आहे कीं, बरोबर उदाहरणापेक्षां चुकलेलें उदाहरण अधिक शिकवितें.

पहिल्या वर्षीं मीं बालाघाटावरून चार कंद खणून नेले. रानांतून कंद काढणें हीच मुळांत चूक होती; तिच्याकडे पुढें येतों. मृगाचा पाऊस पडल्यावर ते वाडींत पोफळींच्या मधल्या ओळींत लावले. आमच्याकडे वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस. तिकडे तो दोन हजारांच्या वर. पोफळीच्या वाफ्यांत पाणी साचून राहिलें आणि चारही कंद कुजले. दुसऱ्या वर्षीं एका रोपवाटिकेंतून कंद आणले. त्यांना कोंब येऊं लागले होते. ते पिशवींत एकमेकांवर आपटून कोंबांचीं टोकें मोडलीं. मला वाटलें, बटाट्याप्रमाणें दुसरे डोळे फुटतील. परंतु कळलावीच्या कंदाच्या प्रत्येक फांट्याला फक्त टोकाशींच एक डोळा असतो. तो मोडला कीं त्या फांट्याचें वर्ष गेलें, प्रसंगीं कंदच गेला.

तिसऱ्या वर्षीं या दोन्ही गोष्टी ध्यानीं घेऊन पुढीलप्रमाणें लागवड केली आणि ती साधली.

जागा निवडली ती वाडीच्या कडेला, पाटाच्या पाण्यापासून दूर. याला दोन कारणें आहेत. पावसाळ्यांत पाणी साचूं नये हें एक. दुसरें असें कीं, नारळी-पोफळीला उन्हाळ्यांत शिंपणें लागतें, आणि कळलावीचा कंद कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत झोंपलेला असतो. झोंपलेल्या कंदाला पाणी मिळालें कीं तो कुजतो. समुद्रकाठची पुळणीची रेताड जमीन यासाठीं वाईट नाहीं. पाणी तींतून झरझर उतरून जातें. परंतु ती उपाशी असते. म्हणून एक हात रुंद व वीतभर उंच असा वरंबा घालून त्यांत रेतीबरोबर चांगलें मुरलेलें शेणखत व पालापाचोळ्याचें खत मिसळलें. खारा वारा थेट अंगावर आला तर कोंवळीं पानें करपतात. यासाठीं पश्चिमेस मेंदीचें कुंपण आड राहील अशी जागा धरली. वेलीला डोक्यावर ऊन हवें आणि पायाशीं सावली. रानांत ती झुडुपांतून वर येते, तेव्हां तिला हेंच मिळत असतें.

कंद आडवा ठेवावा व त्यावर दोन-तीन इंच माती असावी. दोन कंदांत हातभर अंतर ठेवावें. कोंब कांचेसारखा ठिसूळ असतो. तो वर येण्याआधींच आधार रोंवून ठेवावा, नंतर रोंवण्याच्या भानगडींत कंदाला इजा होते. आधार जाड नसावा. पानाच्या टोकाचा तंतू जाड खांबाला विळखा घालूं शकत नाहीं. त्याला बारीक कामट्या, वाळक्या फांद्या किंवा दोरी हवी. आम्ही तुरीच्या काट्यांसारख्या बारीक फांद्यांचें जाळें उभें केलें. वेल सहापासून दहा फुटांपर्यंत चढते, आणि कोंब दिसल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांनीं फुलते. मृगांत लावलेली वेल गौरींच्या वेळेला बरोबर फुलावर येते.

या वेलीची एक खास शत्रू म्हणजे काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेली अळी. दोन दिवस दुर्लक्ष केलें कीं ती वेलीचा नुसता सांगाडा ठेवते. रोज सकाळीं हातमोजे घालून अळ्या वेंचणें हाच घरगुती उपाय.

फुलाची एक गंमत पाहण्यासारखी आहे. त्यांतील स्त्रीकेसराची दांडी मुळाशींच काटकोनांत वळून एका बाजूला लांब गेलेली असते. आपलेच परागकण आपल्यावर सहजीं पडूं नयेत अशी ही योजना. फुलपांखरें व शिंजीर पक्षी एका फुलावरून दुसऱ्यावर जातांना परागीकरण घडवितात. शेंगा धराव्या असें वाटत असेल, तर सकाळच्या वेळीं एका फुलाचे पराग मऊ कुंचल्यानें दुसऱ्या वेलीवरच्या फुलाच्या त्या वळलेल्या टोकाला लावावे. तामिळनाडूंत बायामाणसें शेतांत हेंच काम हातानें करीत असतात. शेंग पिकून उकलली कीं आंत नारिंगी-तांबड्या बिया दिसतात. बियांपासून रोप होतें; मात्र उगवायला कित्येक महिने लागतात आणि फूल यावयास तीन-चार वर्षें. ज्यांना घाई नाहीं त्यांनीं हा मार्ग अवश्य धरावा.

दिवाळीच्या सुमारास वेल पिवळी पडून वाळते. नवखा माणूस घाबरून पाणी घालूं लागतो. तें करूं नये. जुना कंद संपलेला असतो आणि त्याच्या जागीं जमिनींत नवा नांगर तयार झालेला असतो. जागेवर खूण ठेवावी आणि पुढच्या पावसापर्यंत तिकडे पाहूं नये.

आमच्या बीडकडे ज्यांना ही वेल लावावयाची असेल, त्यांचें काम निराळें. येथें ओलीचें भय कमी. परंतु काळी चिकण जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून मुरूम व रेती मिसळावी. पावसानें ओढ दिली तर आषाढ-श्रावणांत आठवड्यांतून दोन वेळां पाणी द्यावें. कुंडींत लावल्यास कुंडी खोल घ्यावी व तिला भोंक मोठें असावें.

आतां सर्वांत महत्त्वाचें. ज्या घरांत रांगणारें मूल आहे, त्या घरानें ही वेल लावूं नये. मूल मोठें होईपर्यंत थांबावें. तिचा कंद कधींही स्वयंपाकघरांत, कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ ठेवूं नये. रताळें समजून तो शिजवून खाल्ल्यानें माणसें दगावल्याच्या घटना आपल्या देशांत व सिंहलद्वीपांत घडलेल्या आहेत; शिजवून विष जात नाहीं. कंद हाताळल्यावर हात साबणानें धुवावे. गुरांच्या वाटेवर वेल लावूं नये. चुकून पोटांत गेलाच, तर प्रथम घशांत जळजळ, मग कांहीं तासांनीं ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. जुलाब थांबले म्हणून स्वस्थ बसूं नये. खरी बाधा पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसते. मिठाचें पाणी पाजून ओकवण्याचे घरगुती प्रयोग न करतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वेलीचा तुकडा बरोबर घेऊन रुग्णालय गांठावें. आणि बाळंतपणांत कोणी ही मुळी सुचविलीच, तर त्याला माझी हकीकत सांगावी.

दुसरी विनंती रानाविषयीं. ओढून काढलेला कंद म्हणजे संपलेली वेल. औषधासाठीं, विक्रीसाठीं आणि माझ्यासारख्या हौसेसाठीं रानांतले कंद खणले जात आहेत. शिवाय जिवंत कुंपणें जाऊन तेथें तारा व भिंती आल्या, त्यांबरोबर या वेलीचें घरच गेलें. म्हणून कंद रोपवाटिकेंतून घ्या, किंवा बिया मागून आणा. याच्या उलट प्रकार ऑस्ट्रेलियांत झाला आहे. तेथें शोभेसाठीं नेलेली ही वेल पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत इतकी माजली कीं सरकारला तिचा बंदोबस्त करावा लागतो. जी वेल आपल्या समुद्रकाठीं दुर्मिळ होत चालली आहे, तीच परक्या समुद्रकाठीं तण ठरली. परदेशीं राहणाऱ्या आप्तांनीं आपल्या आठवणीसाठीं ती तिकडे नेऊं नये, हें यावरून ध्यानांत यावें.

तिसऱ्या वर्षीं गौरी आल्या त्या दिवशीं वाडींत अकरा फुलें होतीं. विहीणबाईंनीं त्यांतलीं पांच काढलीं आणि बाकीचीं वेलीवर ठेवलीं. त्या म्हणाल्या, “तीं बियांना राहूं द्या.” त्या बियांतून उगवलेलीं दोन रोपें आतां बीडला माझ्या अंगणांत आहेत, फूल यावयाचें आहे.

गेल्या श्रावणांत मी पुष्कळ वर्षांनीं आमच्या गांवच्या डोंगरावर गेलों. ओढ्यावर आतां पूल आहे. बाभळीच्या जाळींत कळलावी फुललेली दिसली. सवयीनें हात पुढें झाला. मग मागें घेतला. बरोबर गांवांतलीं चार-पांच मुलें होतीं. त्यांना जवळ बसवून फूल दाखविलें, त्याचें नांव सांगितलें, आणि या मुळीला हात कां लावावयाचा नाहीं, तेंही या खेपेस कारणासह सांगितलें.